फँटसी बेसबॉलचा लिलाव: संकेतस्थळाचं प्रगतिपुस्तक आणि फॅनग्राफ्सचा कॅल्क्युलेटर

फँटसी बेसबॉल म्हणजे अमेरिकेतल्या मेजर लीगच्या खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधायचा आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर गुण मोजायचे. लिलावातला शेवटचा खेळाडू १ डॉलरला गेला की पडद्यावर लगेच प्रगतिपुस्तक उघडतं. कुणाला ए, कुणाला सी उणे, शेजारी ‘अंदाजे तिसरा क्रमांक’ असं काहीबाही. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर त्याचे स्क्रीनशॉट फिरतात आणि ज्याला सी मिळाला तो बिचारा आठवडाभर आपल्या संघात खोट शोधत बसतो. सोलापुरातल्या लीगवाल्यांनी असं करू नये, म्हणून हे परीक्षण. फँटसीच्या मोठ्या संकेतस्थळांवर फुकट मिळणारं हे प्रगतिपुस्तक आणि फॅनग्राफ्स या बेसबॉलच्या आकडेवारीच्या संकेतस्थळावरचा ऑक्शन कॅल्क्युलेटर, या दोन्हींच्या आधारे लिलावातला संघ किती खरा जोखला जातो, ते इथे पाहू.

निकाल आधीच सांगतो. पाळीपाळीने खेळाडू उचलायच्या स्नेक ड्राफ्टसाठी प्रगतिपुस्तक कामचलाऊ आहे. लिलावाच्या लीगसाठी ते निरुपयोगी आहे. कॅल्क्युलेटर उत्तम आहे, मात्र त्यात आपल्या लीगचे नियम जसेच्या तसे भरले तरच. आणि त्यापुढचं काम आपल्यालाच शीटवर करावं लागतं.

ज्यांनी लिलाव म्हणजे फक्त आयपीएलचा पाहिलाय, त्यांच्यासाठी मांडणी थोडक्यात. रूढ लीगमध्ये १२ संघ, प्रत्येकाच्या पर्समध्ये २६० डॉलर आणि त्यात २३ खेळाडू घ्यायचे: १४ बॅटर, ९ पिचर (चेंडू टाकणारे). किमान बोली १ डॉलर. गुणांची दहा खाती: धावा, होम रन, आरबीआय (फटक्याने घडवून आणलेल्या धावा), स्टील (चोरलेले बेस) आणि बॅटिंग ॲव्हरेज (हिटचं प्रमाण), पिचिंगकडे विन, सेव्ह (शेवटी येऊन राखलेली आघाडी), स्ट्राइकआउट, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) आणि व्हिप (इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक). प्रत्येक खात्यात पहिल्याला १२ गुण, शेवटच्याला १. २०२५ च्या आयपीएलसाठी लखनौने ऋषभ पंतला १२० कोटींच्या पर्समधून २७ कोटी मोजले, म्हणजे २२.५ टक्के. तेच प्रमाण इथे लावलं तर होतात साधारण ५८ डॉलर. इथले डॉलर अर्थात नुसते नावाचे. खिशातला एक रुपयाही यात जात नाही आणि जाऊही नये. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने देशात बंदी आहे.

आता प्रगतिपुस्तकाची खोट कुठे आहे ते बघा. ते तुमच्या २३ खेळाडूंचे हंगामाचे अंदाज घेतं, बेरीज करतं आणि बारा संघांची क्रमवारी लावतं. खेळाडू कितीला घेतला, हे बहुतेक ठिकाणी त्या हिशेबात येतच नाही. एकाने ३० डॉलरचा बॅटर २२ ला उचलला आणि दुसऱ्याने तसलाच बॅटर ३९ ला घेतला, तर दोघांना त्या जागेपुरते सारखेच मार्क. पर्समध्ये ७ डॉलर तसेच पडून राहिले, तरी मार्क कापले जात नाहीत. राखलेल्या खेळाडूंच्या लीगमध्ये (जिथे आधीचे काही खेळाडू ठरल्या भावात राखता येतात) तर १२ डॉलरला राखलेला आणि आज ४० ला घेतलेला, दोघे एकाच तागडीत. दुसरी खोट याहून जुनाट: लिलावाच्या वेळी डावीकडे जी क्रमवारी दिसते ती ज्या अंदाजांवर लावलेली असते, मार्कही त्याच अंदाजांवर दिले जातात. साहजिकच ज्याने संकेतस्थळाची यादी डोळे झाकून वापरली त्याचा संघ चांगला दिसणार. परीक्षकानेच गाईड लिहायचं आणि त्याच गाईडवरून पेपर तपासायचा, असा तो प्रकार आहे.

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव ज्यांनी पाहिलेत त्यांना यातली गोम चटकन कळेल. बाजारभावात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर छापून येतात. कमाल दर मोजक्या पिशव्यांना मिळालेला असतो. शेतकरी आपली पट्टी बघतो ती सर्वसाधारण दराशी ताडून. फँटसीतही ग्रुपवर चर्चा होते ती ५० डॉलरच्या खेळाडूची, आणि संघ ठरतो तो ६ ते १८ डॉलरमधल्या दहाबारा खरेदींवर.

फॅनग्राफ्सचा कॅल्क्युलेटर हे काम मुळापासून करतो. आकडे पाहायला पैसे लागत नाहीत. संघांची संख्या, पर्स, पोझिशन, खाती आणि बॅटर-पिचर वाटणी भरायची, कुठले अंदाज वापरायचे ते निवडायचं, की प्रत्येक खेळाडूचं मोल डॉलरमध्ये येतं. एक ओळ जवळून वाचून बघा. नावापुढे पोझिशन, मग प्रत्येक खात्यात तो खेळाडू किती भर घालतो त्याचे सुटे आकडे, त्यांची बेरीज पीटीएस, पुढे एपॉस आणि शेवटी डॉलर. नवख्याला गोंधळात टाकणारा रकाना एपॉस. एखाद्या कॅचरची (बॅटरमागच्या, यष्टिरक्षकासारख्या खेळाडूची) बेरीज उणे दिसते, तरी पुढे मोल ९ डॉलर येतं. कारण एपॉस हा पोझिशनच्या टंचाईचा वाढावा. १२ संघांनी दोन-दोन कॅचर घ्यायचे म्हणजे २४ कॅचर विकले जाणार, आणि चोविसावा कॅचर बॅटिंगला फारच कच्चा असतो. त्याला १ डॉलर धरलं की त्याच्यावरच्या सगळ्यांचे भाव आपोआप वर सरकतात.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथेच. बऱ्याच ठिकाणच्या तयार मांडणीत एकच कॅचर असतो. लीग दोन कॅचरची आणि कॅल्क्युलेटर एकाचा, असं झालं तर ज्याने चांगला कॅचर घेतला तो प्रत्येक जण महागात पडल्यासारखा दिसतो. आउटफिल्डरच्या जागा तीन की पाच, हाही तसाच घोळ. भरून झालं की आधी एकच पडताळा करा: वरच्या २७६ खेळाडूंच्या डॉलरची बेरीज ३,१२० च्या आसपास आली पाहिजे, कारण १२ गुणिले २६० म्हणजे तेवढेच डॉलर बाजारात आहेत. बेरीज चुकली तर पुढचा सगळा हिशेब फुकट.

बॅटर-पिचर वाटणी स्वतः भरलेली बरी. खाती दोन्हीकडे पाच-पाच असली तरी बाजारात बॅटरवर ६७ ते ७० टक्के पैसा जातो. याला कारणं आहेत. पिचरचं कोपर गेलं आणि टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली की वर्ष-दीड वर्ष तो बाहेर; आणि हंगामात फुकट उचलता येण्याजोगे पिचर बॅटरपेक्षा जास्त निघतात. ६८ टक्के धरले तर १६८ बॅटरना मिळून २,१२२ डॉलर, म्हणजे सरासरी साडेबारा. १०८ पिचरना ९९८, म्हणजे सरासरी सव्वानऊ. आपल्या लीगच्या मागच्या लिलावातली खरी वाटणी हाताशी असेल तर तीच भरा. तिच्याइतकं नेमकं काही नाही.

फॅनग्राफ्सवर झिप्स, स्टीमर, डेप्थ चार्ट्स, एटीसी असे वेगवेगळे अंदाज मिळतात. त्यांपैकी निव्वळ झिप्स भावासाठी घेऊ नका. खेळाडूची कुवत तो छान सांगतो, पण कोण किती सामने खेळेल हे त्याचं काम नव्हे. डेप्थ चार्ट्समध्ये स्टीमर आणि झिप्स यांचा मेळ असतो आणि खेळण्याचा वेळ फॅनग्राफ्सची माणसं संघागणिक बसवतात. एटीसी ही अनेक अंदाजांची तोलून काढलेली सरासरी. या दोनपैकी एक घ्या आणि बाराही संघांना तेच लावा. आपल्या संघाला एक आणि शेजाऱ्याच्या संघाला दुसरा, असं केलं तर जोखण्याला अर्थ उरत नाही.

आता शीट. पहिल्या रकान्यात खेळाडू, मग मालक, मग बोली, मग कॅल्क्युलेटरचं मोल, शेवटी मोल वजा बोली. व्हीलुकअप (दोन याद्या जुळवायचं शीटचं सूत्र) लावताना नावावर विसंबू नका. एका यादीत होसे रामिरेझच्या नावावर स्पॅनिश मात्रा असतात, दुसरीत नसतात. मग ओळ कोरी येते आणि संघाचे ३५-४० डॉलर गायब. मॅक्स मन्सी नावाचे तर दोन खेळाडू आहेत, एक डॉजर्सचा आणि एक ॲथलेटिक्सचा. दोन्ही याद्यांत खेळाडूचा क्रमांक असेल तर तो वापरा, नसेल तर नावाला संघाचं नाव जोडून खूण तयार करा. शोहेई ओतानीचीही वेगळी नोंद ठेवा. काही ठिकाणी त्याचा बॅटर वेगळा विकला जातो आणि पिचर वेगळा. काही ठिकाणी तो एकच खेळाडू. २०२४ मध्ये पिचिंग न करताही त्याने ५४ होम रन आणि ५९ स्टील केले, तेव्हा त्याची ओळ चुकली तर सबंध संघाचा निकाल फिरतो.

मोल वजा बोली यांची संघवार बेरीज केली की कळतं कुणी स्वस्तात माल उचलला. मात्र बाराही संघांची मिळून बेरीज शून्याच्या आसपासच येणार, कारण बाजारातलं मोल आणि पैसा दोन्ही ३,१२० च आहेत. एकाचे अधिक ४० दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात उणे असतात. बेरीज शून्याच्या बरीच खाली असेल तर दोन शक्यता: मोल असलेले काही खेळाडू कुणी घेतलेच नाहीत, नाहीतर तुमच्या अंदाजांना जे खेळाडू पसंत नाहीत ते लोकांनी उत्साहात घेतले. पहिल्या शक्यतेत लगेच फ्री एजंटची, म्हणजे कुणीच न घेतलेल्या खेळाडूंची, यादी उघडा.

इथे कॅल्क्युलेटर एका बाबतीत अन्याय करतो. ४० डॉलरचा खेळाडू ४४ ला घेतला तर शीट उणे ४ दाखवतं, आणि त्याच संघातले १ डॉलरवाले पाचसहा जण जेमतेम बरोबरीत दिसतात. प्रत्यक्षात ते १ डॉलरवाले ऑक्टोबरपर्यंत राहत नाहीत. मे महिन्यापर्यंत त्यातले निम्मे बदलून फ्री एजंटमधून चांगले आलेले असतात. ४० डॉलरचा खेळाडू मात्र फ्री एजंटमध्ये कधीच मिळत नाही. म्हणून १२ संघांच्या लीगमध्ये बड्या खेळाडूसाठी दहा टक्के जास्त मोजणं ही चूक मानू नये, असं आमचं ठाम मत आहे. १५ संघांच्या लीगमध्ये, जिथे फ्री एजंटची यादी कोरडीठाक असते, तिथे हीच सवलत निम्मी धरा.

बोली कुठल्या वेळी लागली, हेही बघायला हवं. समजा पहिले ४० खेळाडू १,१५० डॉलरना गेले आणि त्यांचं मोल होतं १,०६०. म्हणजे ९० डॉलर जास्तीचे उडाले. आता बाजारात पैसा उरला १,९७० आणि माल उरला २,०६० चा. दर बसतो ०.९५६. यापुढे २० डॉलरचा खेळाडू १९ ला मिळणं म्हणजे स्वस्त नव्हे, तोच चालू भाव. लिलावाच्या मध्यावर २० चा खेळाडू १९ ला घेऊन खूश होणाऱ्याला शीट अधिक १ देतं; तो १ काढून टाका. राखलेल्या खेळाडूंच्या लीगमध्ये गंगा उलटी वाहते. ६० खेळाडू ५४० डॉलरना राखले आणि त्यांचं खरं मोल ९६० असेल, तर उरलेला पैसा २,५८० आणि उरलेला माल २,१६० चा. भाव १९.४ टक्क्यांनी चढणार; ३० चा खेळाडू ३६ ला जाणार. तिथे ३५ मोजणाऱ्याला ‘लुटला गेला’ म्हणणं साफ चूक.

बोली कशी लागली हे कळायला लिलावाचा इतिहास सेव्ह करून ठेवा. कोण कितव्या क्रमांकाला पुकारला गेला, हे त्यात असतं. सोबत प्रत्येक मालकाची त्या वेळची कमाल बोली काढता येते: रिकाम्या जागांपेक्षा एक कमी, तेवढे डॉलर उरलेल्या पैशांतून वजा करायचे. ७४ डॉलर आणि ९ जागा असतील तर कमाल बोली ६६. ज्या मालकाची कमाल बोली १२० नावांपर्यंतच ३ वर आली, त्याच्या नंतरच्या खरेदीला ‘हुशारीने स्वस्तात’ म्हणू नका. त्याच्याकडे दुसरा पर्यायच नव्हता. शेवटी ७-८ डॉलर तसेच राहिले असतील, तर ते सरळ त्याच्या उणे खात्यात टाका. न लावलेल्या बोलीला परतावा नाही.

भावाचा हिशेब इथे संपतो. संघ जिंकेल का, हे कळायला दुसरं पान लागतं: दहा खात्यांचं. प्रत्येक संघाच्या अंदाजांची बेरीज करून खात्याखात्यात क्रम लावा. ॲव्हरेज, ईआरए आणि व्हिप यांची सरळ सरासरी काढायची नाही, ही चूक फार जणांच्या शीटमध्ये सापडते. ६०० ॲट-बॅट, म्हणजे बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या संधी, आणि .२६० वाला एक बॅटर, १५० ॲट-बॅट आणि .३०० वाला दुसरा. सरळ सरासरी .२८०. खरं उत्तर १५६ अधिक ४५ म्हणजे २०१ हिट भागिले ७५०, .२६८. पिचरचंही तसंच: १८० इनिंगला ३.२० आणि ६० इनिंगला २.४० यांची सरासरी २.८० नव्हे, ३.०० येते.

क्रमाइतकंच अंतर महत्त्वाचं. होम रनमध्ये दुसऱ्या आणि अकराव्या संघात मागच्या हंगामात ९९ चा फरक असेल, तर त्याला ९ ने भागा: ११ होम रन म्हणजे एक गुण. पहिला आणि शेवटचा संघ यातून वगळायचा, ते बहुधा टोकाला गेलेले असतात. असे भागाकार प्रत्येक खात्याचे काढले की स्पष्ट दिसतं, कुठे दहाबारा जास्तीचे स्टील दोन गुण देतात आणि कुठे तीस जास्तीचे स्टील वाया जातात. स्टीलमध्ये सहाव्याच्या ४० पुढे असलेल्या पहिल्या संघाला प्रगतिपुस्तक शाबासकी देतं. शीट सांगतं की यातला एक स्टीलवाला विकून सेव्ह आणा.

स्टीलचे जुने भागाकार मात्र फेकून द्या. २०२३ मध्ये मेजर लीगने बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे केले, पिचरच्या पिकऑफवर (बेसवरच्या खेळाडूला बाद करायच्या फेकीवर) मर्यादा घातली, पिच क्लॉक (चेंडू टाकायची वेळमर्यादा) आणलं. २०२२ मध्ये २,४८६ स्टील झाले होते, २०२३ मध्ये ३,५०३. रोनाल्ड अकुन्याने एकट्याने ७३ केले. २०२२ पर्यंतच्या आकड्यांवर काढलेला भाव लावला तर १५ स्टीलवाला साधा खेळाडू आजही दुर्मिळ वाटेल, आणि त्याला १४ डॉलर देणारा मालक शीटवर हुशार ठरेल.

सेव्हच्या खात्यात अंदाजावर भिस्त ठेवू नका. २८ सेव्हचा अंदाज म्हणजे क्लोजरची, म्हणजे शेवटी येऊन सामना राखणाऱ्या पिचरची, खुर्ची टिकेल असं गृहीत धरलेलं. खुर्ची गेली की ५. त्यापेक्षा प्रत्येक संघाकडे किती पक्क्या खुर्च्या आहेत ते मोजा. दोन पक्के क्लोजर आणि एक उमेदवार, ही समाधानकारक खरेदी. चार क्लोजर म्हणजे विन आणि स्ट्राइकआउट बुडाले.

आता जे कुठलाच कॅल्क्युलेटर सांगणार नाही, ते. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७:०५ ला सुरू होणारा सामना सोलापुरात पहाटे ४:३५ ला लागतो, पश्चिम किनाऱ्यावरचा ७:१० चा सकाळी ७:४० ला. संघांच्या बॅटिंग ऑर्डर सामन्याच्या तीनचार तास आधी जाहीर होतात, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर. रोज लाइनअप बदलायच्या लीगमध्ये आपला मालक त्या वेळी झोपलेला असतो. डावखुऱ्या पिचरसमोर बाहेर बसवला जाणारा बॅटर अमेरिकेतल्या मालकाला १० डॉलरचा असेल, तर इथे ७ चा धरा. सुरुवातीचे पिचर काही दिवस आधी कळतात, त्यामुळे तो पुरता वाया जात नाही. पण ऐन वेळी कुणाला विश्रांती दिली, हे आपल्याला सकाळच्या चहालाच कळतं. उलट दोनतीन पोझिशनना चालणारा खेळाडू इथे जास्त मोलाचा. मूकी बेट्स २०२४ मध्ये शॉर्टस्टॉप, सेकंड बेस आणि राइट फिल्ड अशा तिन्हीकडे खेळला. असा एक खेळाडू असला की रात्री झोपताना लावलेली लाइनअप सहसा उघडी पडत नाही. अशांना शीटवर हाताने २ डॉलर वाढवा. आठवड्याच्या लाइनअपची लीग असेल तर ही सगळी वजाबाकी गळून पडते, कारण सोमवारची मुदत इथे बहुधा सोमवारी रात्री उशिरा किंवा मंगळवारी पहाटे येते आणि जेवण झाल्यावर निवांत बसून संघ लावता येतो. सोलापूरच्या नव्या लीगने आठवड्याचीच पद्धत घ्यावी.

कॅल्क्युलेटर वापरताना एक अडचण: मोबाईलवर तक्ता आडवा सरकवत बसावं लागतं आणि नाव एकीकडे, डॉलर दुसरीकडे राहतात. लॅपटॉपच घ्या. २७६ नावं, प्रत्येकाला सरासरी ४० सेकंद धरली तरी लिलाव तीन तास चालतो. त्यानंतर शीट भरायला दीड तास पुरे. मात्र हे काम लिलाव झाला त्याच रात्री करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी अंदाज ताजे करून घ्या, कारण मार्चच्या शेवटच्या दोन आठवड्यांत दुखापतीच्या बातम्या रोज येतात आणि कुणाचा तरी २५ डॉलरचा पिचर रात्रीतून ४ चा झालेला असतो. त्या मालकाची खरेदी जोखताना मात्र लिलावाच्या दिवशीचंच मोल धरा. नवं मोल फक्त खात्यांच्या पानावर.